गळ्यातील वाट मोकळी ठेवताना

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूने, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवणे. शस्त्रक्रिया फार वेळ घेत नाही. तिच्यानंतरचे काम मात्र नळी निघेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, महिने आणि काही रुग्णांच्या बाबतीत आयुष्यभर चालते. त्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी नळीमुळे शरीराचे काय काय हिरावले जाते हे आधी पाहावे लागते. नाक हवा गाळते, गरम करते आणि ओलसर करून आत पाठवते. नळी बसली की नाक वगळले जाते आणि कोरडी, थंड हवा थेट फुप्फुसांकडे जाते. श्वासनलिकेतील स्राव त्यामुळे घट्ट होतात आणि त्यांची खपली धरते. खोकताना स्वरयंत्राची फट क्षणभर मिटते, मागे दाब साठतो आणि तो एकदम सुटला की बेडका बाहेर फेकला जातो. गळ्यात उघडे भोक असेल तर तो दाब साठतच नाही. तिसरे नुकसान आवाजाचे. हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे जीव गुदमरत असला तरी रुग्णाला हाक मारता येत नाही.

नाकाचे, खोकल्याचे आणि आवाजाचे हे काम कोणीतरी बाहेरून करावे लागते. तो कोणीतरी बहुतेक वेळा नर्स असतो. ट्रॅकिऑस्टॉमीच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे ठळकपणे येतात. पण या शस्त्रक्रियेने रुग्ण जगू लागले ते नळीजवळ अखंड बसणारी माणसे मिळाली तेव्हा, हे त्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दिसते.

एकोणिसाव्या शतकात या शस्त्रक्रियेला चालना दिली घटसर्पाने. लहान मुलांच्या घशात राखाडी पडदा धरायचा, तो स्वरयंत्रापर्यंत उतरायचा आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरायचे. फ्रान्समधील तूर शहराच्या पिएर ब्रेतोनो यांनी १८२५ मध्ये अशा एका मुलीची श्वासनलिका उघडून तिला वाचवले. त्यांचे शिष्य आर्माँ त्रूसो यांनी पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केली. त्यांच्या हातून साधारण चौथा हिस्सा मुले वाचली. आज हा आकडा लहान वाटतो, पण शस्त्रक्रियेवाचून त्या मुलांचा मृत्यू जवळपास ठरलेलाच होता. त्रूसो नंतरच्या देखभालीबद्दल फार काटेकोर होते. नळी दुहेरी असावी, म्हणजे आतली नळी काढून धुता येते आणि बाहेरची जागेवर राहते, असा त्यांचा आग्रह असे. आत जाणारी हवा उबदार आणि ओलसर राहावी म्हणून ते मुलाच्या गळ्याभोवती सैल कापड गुंडाळायला लावत. पुढे इंग्लंडमधल्या साथीच्या रुग्णालयांत यासाठी खाटेवर तंबू उभारून त्यात किटलीची वाफ सोडण्याची पद्धत रूढ झाली. आतली नळी काढून स्वच्छ करणे आणि पक्ष्याच्या पिसाने श्वासनलिकेतील चिकटा ओढून काढणे ही त्या खोलीत रात्रंदिवस बसणाऱ्या नर्सची कामे होती.

पिसाने भागले नाही तर काय करायचे, याचे उत्तर तेव्हा भयंकर होते. शोषणयंत्र नव्हते. नळीत अडकलेला पडदा काढण्यासाठी काही डॉक्टर सरळ तोंड लावून तो ओढून घेत. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील सॅम्युएल रॅबेथ हे तरुण डॉक्टर १८८४ मध्ये घटसर्पाच्या रुग्ण बालकासाठी असे करताना स्वतः संसर्गाला बळी पडले. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये, इतरांसाठी प्राण देणाऱ्या सामान्य माणसांच्या स्मारकभिंतीवर त्यांच्या नावाची फरशी आहे. श्वासनलिकेतील स्राव ओढून काढणे या क्रियेला आज सक्शन म्हणतात आणि ती दिवसात अनेकदा, सवयीने केली जाते. तिच्या आरंभी अशी किंमत मोजलेली आहे.

१८९०च्या दशकात घटसर्पाची प्रतिलस आली आणि गळा उघडण्याची वेळ कमी येऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी शस्त्रक्रियेची पद्धत नीट बांधून दिली. १९२१च्या त्यांच्या लेखात, छिद्र फार वर पाडल्याने स्वरयंत्र कायमचे अरुंद होते, हे त्यांनी रुग्णांच्या आधारे दाखवले. नळीचा आकार, तिची वळणे, आतली नळी, नळी सरकवण्यासाठीचा सुळका या सगळ्यांत त्यांनी लक्ष घातले. नंतरची देखभाल त्यांच्या दृष्टीने शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची होती. तरीही तोवर ट्रॅकिऑस्टॉमीचा अर्थ एकच होता: वर अडथळा आहे, म्हणून खालून वाट काढायची.

हा अर्थ बदलला पोलिओने. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे टॉमस गॅलोवे यांनी १९४३ मध्ये एक वेगळा विचार मांडला. मेंदूच्या खालच्या भागापर्यंत पोहोचलेल्या पोलिओत गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. लाळ आणि स्राव घशात साठतात आणि तिथून फुप्फुसांत उतरतात. अशा रुग्णाच्या श्वासमार्गात वर कसलाही अडथळा नसतो, पण तो स्वतःच्या स्रावांत बुडत असतो. गॅलोवे यांनी श्वासनलिका उघडली ती त्या स्रावांपर्यंत पोहोचण्यासाठी. आता छिद्र केवळ श्वासाचे दार राहिले नाही, सफाईचेही दार झाले. मोठ्या माणसाला, दीर्घकाळासाठी आणि मुद्दाम सक्शनसाठी ट्रॅकिऑस्टॉमी करण्याची कल्पना इथून पुढे पसरली. तिची खरी कसोटी लागली नऊ वर्षांनी, डेन्मार्कमध्ये.

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तिथले साथीच्या रोगांचे रुग्णालय म्हणजे ब्लेग्डॅम हॉस्पिटल आणि त्याचे प्रमुख होते हेन्री लासेन. जुलै ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत या एका रुग्णालयात पोलिओचे २,७२२ रुग्ण दाखल झाले. त्यातील ८६६ जणांना लकवा होता आणि ३१६ जणांना श्वासासाठी किंवा स्राव काढण्यासाठी खास उपायांची गरज पडली. साथ ऐन भरात असताना एका दिवसात पन्नासच्या आसपास रुग्ण येत होते. श्वास चालवण्यासाठी रुग्णालयाकडे काय होते? एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचे.

लोखंडी फुप्फुस ही एक मोठी टाकी असे. डोके बाहेर ठेवून रुग्णाला तिच्यात निजवायचे आणि टाकीतील हवेचा दाब कमी-जास्त करून त्याची छाती बाहेरून फुलवायची. फिलिप ड्रिंकर यांनी १९२८ मध्ये बोस्टनमध्ये ती वापरात आणली आणि केवळ छातीचे स्नायू लुळे पडलेल्या कित्येक रुग्णांना तिने जगवले. पण गिळता न येणाऱ्या रुग्णाला ती उलट घातक ठरे, कारण छाती बाहेरून ओढली गेली की हवेबरोबर घशातील लाळही आत ओढली जाई. परिचर्येच्या दृष्टीनेही टाकी अवघड होती. कूस बदलायची, पाठ तपासायची, मलमूत्र काढायचे तर बाजूच्या छोट्या झरोक्यांतून हात घालून. पहिल्या तीन आठवड्यांत ब्लेग्डॅममध्ये या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले, त्यांतले १९ तीन दिवसांच्या आत. मृतांत बरीच मुले होती.

मोगेन्स ब्यर्नबो या तेथील डॉक्टरांनी सुचवले की ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलवावे. धनुर्वात झालेल्या एका नवजात बाळावर त्या दोघांनी त्याच वर्षी एकत्र उपचार केले होते. लासेन सहज तयार झाले नाहीत; संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात भूलतज्ज्ञाचे काय काम, हा त्या काळी स्वाभाविक प्रश्न होता. अखेर २५ ऑगस्टला बैठक झाली. इब्सेन १९४९-५० मध्ये बोस्टनला शिकून आले होते. लकवा झालेल्या माणसाला हाताने श्वास देणे हे भूलतज्ज्ञाचे रोजचेच काम आहे, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर औषधाने तो लकवा तो स्वतःच घडवून आणत असतो. इब्सेन यांनी मृतांच्या शवविच्छेदनांची माहिती पाहिली आणि त्यांना दिसले की फुप्फुसे इतकी निकामी झालेली नव्हती. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेले होते. डॉक्टर त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावत होते. इब्सेन यांना त्यात उलटी गोष्ट दिसली: श्वास अपुरा पडल्याने कार्बन डायऑक्साइड साचत आहे आणि रुग्ण त्यानेच मरत आहेत. घाम येणे, रक्तदाब चढणे, ताप, शेवटी शुद्ध हरपणे, या सगळ्याला मेंदूतील विषाणू जबाबदार मानला जात होता. त्यातले बरेचसे मुळात कोंडलेल्या श्वासाचे परिणाम होते.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीवर हा विचार तपासून पाहायचे ठरले. तिचे हातपाय लुळे होते, अंग निळे पडले होते, ताप चढलेला होता आणि घशात स्राव घरघरत होते. जागा बधिर करून ट्रॅकिऑस्टॉमी केली आणि भोवती फुगा असलेली रबरी नळी आत घातली. फुगा फुगवला की नळी आणि श्वासनलिकेची भिंत यांमधली फट बंद होते. त्यामुळे हवा दाबाने आत देता येते आणि वरची लाळ खाली उतरत नाही. पण सुरुवातीला काही केल्या हवा आत जाईना. फुप्फुसांतील श्वासनळ्या आकसल्या होत्या, स्राव दाटले होते, मुलगी जिवाच्या आकांताने धडपडत होती. पाहायला जमलेले काही डॉक्टर निघूनही गेले. इब्सेन यांनी तिला पेंटोथाल दिले. धडपड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला आणि मग रबरी पिशवी हाताने दाबून छाती फुलवता येऊ लागली. स्राव ओढून काढले, पिशवी चालू ठेवली आणि तिचा रंग पालटला. नंतर खात्रीसाठी तिला पुन्हा छातीच्या कवचावर ठेवण्यात आले. कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढला. हाताने श्वास देताच तो उतरला. लासेन यांची खात्री पटली.

त्यानंतर लासेन यांनी जे उभे केले ते त्यांच्या मोठेपणाची साक्ष आहे. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ज्या कल्पनेविषयी साशंक होते, तिच्यासाठी त्यांनी सारे रुग्णालय कामाला लावले. पण प्रत्येक रुग्णाची पिशवी दाबायला चोवीस तास एक हात हवा आणि एका वेळी असे सत्तरपर्यंत रुग्ण होते. म्हणून विद्यापीठातील वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी बोलावले गेले. साथ संपेपर्यंत सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. सहा ते आठ तासांची पाळी असे. विद्यार्थी उशाशी बसून एका हाताने पिशवी दाबे आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवी. रुग्ण शुद्धीवर असत, पण बोलू शकत नसत. हवा कमी पडते की जास्त होते हे ते डोळ्यांनी, ओठांनी सांगत आणि शेजारचा विद्यार्थी ते वाचायला शिके. मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या जात. काही रुग्ण रात्रीच्या मंद दिव्यात, पिशवी दाबली जात असतानाच गेले. विशी-बाविशीतल्या मुलामुलींनी हे सोसले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाळीवर आली.

ही हाताने दिलेल्या श्वासाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या शेजारी चाललेल्या कामाबद्दल फार कमी बोलले जाते. पिशवी कितीही नेमाने दाबली तरी नळीत बेडका अडकला असेल तर हवा आत जात नाही. म्हणून प्रत्येक खाटेशी विद्यार्थ्याबरोबर नर्सही लागत होती आणि ब्लेग्डॅमच्या नर्सना मदतीसाठी बाहेरून मोठ्या संख्येने परिचारिका आणाव्या लागल्या. पिशवी काढायची, रबरी कॅथेटर नळीतून आत घालायचा, ओढायचे, बाहेर काढायचा आणि पिशवी लगेच पुन्हा जोडायची. हे सगळे काही सेकंदांत व्हायला हवे, कारण तेवढा वेळ रुग्णाला श्वासच नसतो. त्याचबरोबर खाटेची पायाकडची बाजू उंच करून स्राव उताराने घशाकडे आणायचे, ठरावीक वेळाने कूस पालटायची, छातीवर थापटायचे. नाकातून पोटात घातलेल्या नळीने अन्न द्यायचे, लघवीची सोय पाहायची, टाचा आणि माकडहाड यांवर दाबाने जखमा होऊ द्यायच्या नाहीत. लोखंडी टाकीत हे नीट करता येत नव्हते. गळ्यातील नळी आणि हातातील पिशवी यांमुळे रुग्ण खाटेवर मोकळा झाला आणि नर्सला त्याच्या सर्वांगापर्यंत पोहोचता आले. ट्रॅकिऑस्टॉमीचा हा फायदा शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत क्वचित लिहिलेला आढळतो, पण कोपनहेगनचे मृत्यू कमी होण्यात त्याचा वाटा मोठा असला पाहिजे. साथीच्या सुरुवातीला श्वास अडकलेल्या दहांपैकी आठ-नऊ रुग्ण दगावत होते. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले.

साथीचा अर्थ रक्ताच्या तपासणीतही लागला. ब्लेग्डॅमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रुग्णांच्या रक्ताची आम्लता मोजून इब्सेन यांचे म्हणणे सिद्ध केले आणि पुढच्या काही वर्षांत रक्तातील कार्बन डायऑक्साइड झटपट ठरवण्याची पद्धत बसवली. आजच्या अतिदक्षता विभागात रोज होणारी रक्तवायूंची तपासणी त्या कामातून वाढली. स्वीडनमध्ये कार्ल-गुनार एंगस्ट्रॉम यांच्या यंत्राने विद्यार्थ्यांच्या हाताची जागा घेतली. इब्सेन यांनी डिसेंबर १९५३ मध्ये कोपनहेगनच्या कोम्युनेहॉस्पिटलमध्ये सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. तो जगातील पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. त्याला मिळालेली जागा पूर्वी शिकाऊ नर्सच्या वर्गाची होती. डेन्मार्कमध्ये १९५५ पासून पोलिओची लस देण्यात येऊ लागली आणि अशी साथ तिथे पुन्हा आली नाही. पोलिओ गेला तरी गळ्यातील नळी मात्र राहिली. डोक्याला मार लागलेले, विषबाधा झालेले, छातीच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तिच्यावर येऊ लागले.

त्याच डेन्मार्कमधून निघालेली एक वस्तू महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत सापडते. भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन आणि अभियंता होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली आणि १९५६ मध्ये ती बाजारात आली. गॅसच्या नळकांड्याशिवाय, साध्या हवेवरही ती चालते. वॉर्डातली अंबू बॅग ती हीच. व्हेंटिलेटर रिकामा नसला की मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही आई, भाऊ, मुलगा तासन्‌तास ती दाबत बसलेले दिसतात. मुंबईचा आणखी एक संबंध धनुर्वाताचा. धनुर्वातात जबडा आवळतो, घशाचे स्नायू आकसतात, झटक्यांत श्वास अडतो. त्यामुळे या रोगाच्या गंभीर रुग्णांत ट्रॅकिऑस्टॉमी हा उपचाराचा पायाच ठरला. शहरातील रुग्णालयांत असे रुग्ण इतके येत की धनुर्वातावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ मध्ये मुंबईतच भरली. तिच्या कामकाजाचे पुस्तक डॉ. जे. सी. पटेल यांनी संपादित केले. पुढे डॉ. फारोख उदवाडिया यांनी मुंबईत अतिदक्षतेच्या साहाय्याने धनुर्वाताच्या उपचारांचा दीर्घ अभ्यास केला. थोडासा आवाज किंवा स्पर्श झाला तरी या रुग्णाला झटका येतो आणि सक्शन तर थेट श्वासनलिकेला स्पर्श करते. आधी शामक औषधाचा अंमल आहे ना हे पाहून, मग हलक्या हाताने, कमीत कमी वेळात ते उरकणे ही त्या वॉर्डातील सिस्टरांची कसबाची गोष्ट होती.

नळीवरचे रुग्ण आठवडेच्या आठवडे जगू लागले तेव्हा नळीने आणि सक्शनने होणारी इजाही दिसू लागली. प्लम आणि डनिंग यांनी १९५६ मध्ये ट्रॅकिऑस्टॉमीनंतर श्वासनलिकेला होणारी इजा कशी टाळावी यावर लेख लिहिला. कॅथेटर आत घालतानाच शोषण चालू असेल तर तो वाटेतल्या अस्तराला चिकटतो आणि ते ओरबाडतो. म्हणून घालताना शोषण बंद आणि बाहेर काढताना चालू, हा नियम आला. त्यासाठी कॅथेटरच्या बाजूला छिद्र ठेवलेले असते. त्यावर अंगठा ठेवला की ओढ लागते, उचलला की थांबते.

कार्डिफच्या मायकेल रोझेन आणि हिलार्ड यांनी १९६०च्या सुमारास या प्रश्नाचे गणित मांडले. सक्शनने फक्त बेडका ओढला जात नाही, फुप्फुसातील हवाही ओढली जाते. कॅथेटर बारीक असेल तर त्याच्या बाजूने बाहेरची हवा आत येऊन तूट भरून काढते. तो नळीत घट्ट बसेल इतका जाड असेल तर हवेला यायला जागा राहत नाही, आत उणा दाब तयार होतो आणि फुप्फुसाचे भाग मिटतात. म्हणून कॅथेटरची बाहेरची जाडी नळीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी. आठ मिलिमीटरच्या नळीसाठी चार मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बारा नंबरचा कॅथेटर चालतो. जास्त निघावे म्हणून जाड कॅथेटर घ्यावा हा मोह साहजिक आहे, आणि तो धोक्याचा आहे.

याच सुमारास सक्शन चालू असताना नाडीचे ठोके अनियमित होणे, प्रसंगी हृदय थांबणे याचीही कारणे उलगडली. प्राणवायू कमी पडतो आणि श्वासनलिकेला कॅथेटर टोचल्याने व्हेगस नावाचा मज्जातंतू चेतवला जाऊन हृदयाची गती मंदावते. यावर उपाय असा की सक्शनच्या आधी आणि नंतर जास्तीचा प्राणवायू द्यायचा आणि एक खेप दहा-पंधरा सेकंदांत आटपायची. शिकाऊ नर्सना पूर्वी सांगत की कॅथेटर आत गेला की आपलाही श्वास रोखून धरायचा; आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की रुग्णालाही तो हवा आहे असे समजायचे. आता आकडे यंत्रे दाखवतात, पण ही जुनी शिकवण रुग्णाच्या बाजूने विचार करायला लावणारी होती. शोषणाचा दाब मोठ्या माणसासाठी सहसा ८० ते १५० मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात, लहान मुलांत आणखी कमी. दर दोन तासांनी न चुकता सक्शन करण्याची रीतही मागे पडली. घरघर ऐकू आली, श्वासाची धाप वाढली, प्राणवायूचे प्रमाण घसरले, यंत्रावरचा दाब चढला तरच ते करायचे, कारण दर खेपेला थोडी इजा होतेच. नळीत थोडे मिठाचे पाणी घालून मग ओढण्याची सवय अनेक वॉर्डांत होती. घट्ट बेडका त्याने पातळ होतो ही समजूत टिकली नाही आणि आता ते नेहमीचा उपाय म्हणून करत नाहीत. स्राव पातळ ठेवायचे तर आत जाणारी हवाच ओलसर हवी. त्यासाठी हवा तापवून दमट करणारे उपकरण किंवा नळीच्या तोंडावर बसवायचे छोटे गाळणे वापरतात. रुग्ण उच्छ्वासातून टाकतो तीच ओल गाळण्यात थांबते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जाते.

नळीभोवतीचा फुगा हा दुसरा गुन्हेगार निघाला. जुने रबरी फुगे आखूड आणि ताठ होते. हवा गळू नये म्हणून ते कडक फुगवले की श्वासनलिकेच्या भिंतीतील रक्तपुरवठाच थांबे. तिथले अस्तर मरे, कूर्चा झिजे आणि नळी काढल्यावर त्या जागी व्रण आकसून श्वासनलिका अरुंद होई. म्हणजे नळीने ज्याला वाचवले तोच काही आठवड्यांनी पुन्हा गुदमरू लागे. परिचारिका दर तासाला काही मिनिटे फुगा सोडून ठेवत, पण त्याने नुकसान पुरेसे टळत नव्हते. बोस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो यांनी १९६९ मध्ये इजेचे मूळ फुग्याच्या दाबात आहे हे स्पष्ट केले. त्यानंतर मोठे, मऊ, कमी दाबाचे फुगे आले. आता फुग्याचा दाब बोटाने चाचपून ठरवत नाहीत; छोट्या दाबमापकाने तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका आहे ना हे पाळीपाळीने तपासतात. कमी झाला तर लाळ खाली उतरते, जास्त झाला तर भिंत दुखावते.

१९८०च्या दशकात व्हेंटिलेटर न काढता सक्शन करता येईल अशी बंद व्यवस्था आली. त्यात कॅथेटर पारदर्शक पिशवीत कायम जोडलेला असतो आणि नळी उघडावी लागत नाही. रुग्णाचा प्राणवायू टिकतो आणि समोर उभ्या नर्सच्या तोंडावर उडणारे तुषारही थांबतात. कोविडच्या साथीत तर ही व्यवस्था परिचारिकांसाठी संरक्षण ठरली. १९८५ मध्ये पास्क्वाले चाग्लिया यांनी सुईने वाट धरून ती रुंद करत जाण्याची पद्धत सांगितली आणि ट्रॅकिऑस्टॉमी शस्त्रक्रियागृहातून खाटेशीच होऊ लागली. त्याच दशकात स्नायूंच्या क्षयाने व्हेंटिलेटरवर असलेल्या डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने नळीवर बसवायची एकेरी झडप शोधली. श्वास नळीतून आत येतो, पण बाहेर पडताना झडप मिटते आणि हवा स्वरतंतूंवरून जाते. रुग्ण बोलू लागतो. ही झडप लावण्यापूर्वी फुगा पूर्ण सोडलाच पाहिजे, नाहीतर हवा आत जाते आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही. त्यामुळे झडपेवर आणि खाटेवर ही सूचना ठळकपणे लिहिलेली असते.

ट्रॅकिऑस्टॉमीचे रुग्ण घरी जाऊ लागल्यावर हे सगळे कौशल्य घरच्यांच्या हाती द्यावे लागले. बारा वर्षांची ती डॅनिश मुलगीही रुग्णालयातून घरी गेली होती आणि पुढे बरीच वर्षे श्वासयंत्रावर जगली. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी निदान दोन नातेवाइकांना सक्शन, आतली नळी धुणे, छिद्राभोवतीची त्वचा कोरडी ठेवणे आणि मानेभोवतीची फीत बदलणे शिकवतात. फीत बदलताना एकाने नळी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने फीत बांधायची; ती इतकीच सैल असावी की खाली एक बोट जाईल. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात वाट पक्की झालेली नसते, तेव्हा नळी निसटली तर ती पुन्हा घालताना भलत्याच जागी जाण्याचा धोका असतो. म्हणून त्या दिवसांत रुग्ण रुग्णालयातच ठेवतात आणि पहिली नळी अनुभवी हातांनीच बदलतात. पुढेही उशाशी त्याच मापाची एक आणि एक मापाने लहान अशी दुसरी नळी, चालू स्थितीतील सक्शन यंत्र, अंबू बॅग आणि वीज गेली तर वापरता येईल असा हाताने किंवा पायाने चालणारा पंप ठेवतात. नळीत कॅथेटर जात नसेल तर आधी आतली नळी काढून पाहायची. तरीही मार्ग मोकळा झाला नाही तर पूर्ण नळीच बदलायची आणि ते जमेपर्यंत प्राणवायू तोंडावाटे आणि छिद्रावाटे असा दोन्हीकडून द्यायचा.